दांड्याला धरून उभे राहताना

उतारवयात माणसाने काही नवे शिकावयास घेतले, की आपल्या समाजात त्याचे कौतुकच होते. निवृत्तीनंतर कोणी संस्कृतच्या परीक्षा देतो, कोणी पेटी शिकू लागतो, कोणी ज्ञानेश्वरीच्या अभ्यासाला आरंभ करतो. अशांची नावे मंडळाच्या वार्षिक अहवालात आवर्जून छापली जातात. मात्र पन्नाशी ओलांडलेली एखादी गृहिणी नाच शिकावयास जाते असे कळले, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग हसू आणि मग किंचित काळजी, अशा तीन छटा क्रमाने उमटतात. गेली दोन वर्षे या तिन्ही छटा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कारण वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी लंडनमध्ये बॅले शिकावयास जाऊ लागले, आणि तेही अगदी बिगरीच्या वर्गात.

बॅले म्हटले, की आपल्यापुढे चित्रातली ती पांढऱ्या झग्यातली, पावलांच्या टोकावर उभी असलेली नाजूक तरुणी येते. माझे तसे काही चालले आहे असा कोणाचा समज होऊ नये म्हणून आधीच सांगते. टोकावर उभे राहण्याचे ते कडक जोडे कापड आणि खळ यांचे थर देऊन केलेले असतात, आणि पायाला पुष्कळ वर्षांची तयारी झाल्याखेरीज ते घालू देत नाहीत. आमच्यासारख्यांचे जोडे मऊ कातड्याचे असतात. त्यांवरचा इलॅस्टिकचा पट्टा ज्याचा त्याने शिवून घ्यावयाचा असतो. नव्या विद्येतले हे पहिले काम मला उत्तम जमले. तेवढ्यावरूनच मला थोडा धीर आला.

या वर्गापर्यंत मला आणले ते भीतीने. माझी आई दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात फुगडीसाठी प्रसिद्ध होती. मंगळागौरीच्या जागरणात तिच्याबरोबर फुगडी घालावयास मुली पाळी लावीत. अशी ती आई एकाहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. काही आठवड्यांनी ती वॉकर घेऊन चालूही लागली. परंतु पुन्हा पडू ही धास्ती तिच्या मनातून गेली नाही. भिंतीवरचा हात काढून चालणे तिने बंद केले. आधी देवळात जाणे थांबले, मग शेजारी बसावयास जाणे, मग ओटीवर येणेही. हाडाने तिला दगा दिला तो एका क्षणाचा. भीतीने तिला पुढची तीन वर्षे, म्हणजे अखेरपर्यंत, एका खोलीत बसवून ठेवले.

पुढे मी लेकीकडे लंडनला राहावयास आले. तेथे हाडांची घनता मोजण्याची तपासणी झाली आणि माझीही हाडे विरळ होऊ लागल्याचे निघाले. डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितले, की गोळ्या हाडांचे पाहतील, परंतु तोल सांभाळण्याचे काम तुमचे पाय आणि पाठ यांनाच शिकवावे लागेल. त्या रात्री जिना उतरताना माझा हात आपण होऊन कठड्यावर गेला आणि तेथे घट्ट आवळला गेला. तो हात मला अगदी आईचा वाटला.

लेक एक दिवस म्हणाली, "आई, चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी संध्याकाळी मोठ्यांसाठी बॅलेचा वर्ग असतो. जाऊन तर बघ." वडोदऱ्याला थोरल्या बहिणीस फोनवर ही बातमी सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "अगं, आता या वयात पायांत चाळ बांधणार का तू?" मी म्हटले, "अक्का, तिथं चाळ नसतात." "मग कसला मेला तो नाच!" असे म्हणून अक्काने विषय संपविला.

वर्गात आम्ही चौदाजण होतो. रात्रपाळीहून उठून येणारी एक परिचारिका, दिवसभर संगणकापुढे बसणारे दोन तरुण, नुकतीच तिसरे मूल झालेली एक पोलिश बाई आणि त्र्याहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. या शिक्षिकाबाईंना लहानपणी बॅले शिकण्याची फार इच्छा होती, परंतु घरी फीपुरते पैसे नव्हते. त्यांनी ती इच्छा साठ वर्षे तशीच जपून ठेवली होती. त्या देशात आता मोठ्या वयाच्या नवशिक्यांची सोय पुष्कळ ठिकाणी आहे. १९२० साली स्थापन झालेल्या 'रॉयल अकॅडेमी ऑफ डान्स' या संस्थेने तर २०१७ साली पंचावन्नच्या पुढच्या लोकांसाठी 'सिल्व्हर स्वान्स', म्हणजे रुपेरी राजहंस, अशा नावाचे वर्गच सुरू केले.

मी पहिल्या दिवशी सैल सलवार आणि पायघोळ कुडता घालून गेले. आमच्या बाईंनी (वर्गातले सर्व त्यांना नावाने हाक मारतात, माझी जीभ मात्र अजून वळत नाही) हळूच सांगितले, की गुडघा पावलाच्या रेषेत आहे की आत झुकतो आहे हे मला दिसावयास हवे, नाही तर तुम्हांला इजा होईल. पुढच्या मंगळवारी मी घट्ट काळी विजार घातली. समोर भिंतभर आरसा होता. माझ्या गुडघ्यांकडे एवढ्या वर्षांत कोणी पाहिले नव्हते, मीही नाही. लहानपणापासून पदर, परकर, पाचवारी यांच्या आड राहिलेले ते दोन पाय मला आरशात एखाद्या परक्या बाईचे वाटले. संकोच फार झाला. तथापि बाई ज्या नजरेने त्या गुडघ्यांकडे पाहत होत्या, ती सुताराने चौकटीचा काटकोन पाहावा तशी नजर होती. त्या नजरेपुढे लाजण्याचे कारण उरत नाही, हे माझ्या ध्यानात येण्यास तीनचार आठवडे लागले.

बॅलेचा तास भिंतीलगतच्या एका लाकडी दांड्यापाशी सुरू होतो. त्याला 'बार' म्हणतात. एक हात दांड्यावर ठेवून प्रथम 'प्लिए' करावयाचा, म्हणजे टाचा जुळवून, पावले बाहेर वळवून, गुडघे हळूहळू वाकवावयाचे आणि सरळ करावयाचे. मग 'तांद्यू', म्हणजे पाऊल जमिनीवरून सरकवीत ताणून लांब न्यावयाचे. मग पायाने जमिनीवर अर्धवर्तुळ काढावयाचे. मग 'फोंद्यू', म्हणजे वितळल्यासारखे सावकाश वाकणे. अर्धा तास असा दांड्यापाशी गेला, की मग हॉलच्या मध्यभागी आधाराशिवाय तेच सारे करावयाचे, आणि शेवटी लहानमोठ्या उड्या. या क्रमाची एक गोष्ट मला फार आवडली. जगातल्या श्रेष्ठ नर्तिकेचा रोजचा सरावही याच प्लिएने सुरू होतो. मोठा गवई पहाटे उठून जसा खर्जच लावतो, तसेच हे. बिगरीचा पहिला धडा आणि उस्तादाचा पहिला धडा एकच असतो.

शब्द सारे फ्रेंच आहेत, त्यालाही कारण आहे. इटलीतल्या राजदरबारी उपजलेला हा नाच सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये गेला आणि तेथे राजाश्रयाने वाढला. चौदावा लुई हा स्वतः नाचणारा राजा. १६५३ साली, चौदा वर्षांचा असताना, तो दरबारातल्या एका बॅलेत उगवत्या सूर्याच्या वेषात नाचला. १६६१ साली त्याने नृत्याची अकादमी स्थापन केली. पावलांच्या ज्या पाच मूळ अवस्था आम्ही आज चर्चच्या हॉलमध्ये धडपडत घेतो, त्या त्याच्याच नृत्यगुरूने, पिएर बोशां याने, नियमबद्ध केल्या.

मला जे शिकावयाचे होते ते या इतिहासाहून साधे होते: एका पायावर न डगमगता उभे राहणे. माणसाचा तोल तीन साक्षीदारांच्या जबानीवर चालतो. एक डोळे, दुसरा कानाच्या आतला द्रवाने भरलेला अवयव, आणि तिसरे तळपाय, घोटे व सांधे यांतून मेंदूकडे जाणारे निरोप. वयाबरोबर तिन्ही साक्षीदार थोडेथोडे मंदावतात आणि आपण नकळत डोळ्यांवर अधिक विसंबू लागतो. म्हणूनच अंधारात न्हाणीघरात जाताना पाय चुकतो. सरावाने मात्र स्नायू आणि सांधे म्हातारपणीही पुन्हा तल्लख होऊ शकतात, आणि तोलाच्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण कमी होते, हे वैद्यकशास्त्राने वारंवार पडताळून पाहिले आहे. आमच्या बाई त्याकरिता आम्हांला एका पायावर उभे करून मान वळवावयास लावतात, कधी डोळे मिटावयास सांगतात. पहिल्या दिवशी मी आधाराशिवाय जेमतेम चार आकडे मोजीपर्यंत टिकले. आता पंचवीसपर्यंत जाते.

बाईंचे एक वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले आहे. "हात दांड्यावर ठेवा, दांडा धरू नका." बोटे आवळली, की खांदा वर चढतो, श्वास अडकतो आणि शरीराचा भार पायांवर न राहता दांड्यावर जातो, मग दांडा सोडताक्षणी मनुष्य कोसळतो. हात नुसता टेकलेला असेल, तर तो केव्हा उचलला गेला ते कळतही नाही. आधी पाच बोटे, मग दोन, मग एक, मग काहीच नाही. आई भिंत धरून चालत असे तेव्हा तिला कोणी हे सांगणारे भेटले नाही. आम्ही सगळी तिला सारखे एकच सांगत राहिलो, "जपून, घट्ट धर."

गिरकी शिकताना आई मला पुन्हा भेटली. गिरकी घेताना कानातला द्रव फिरू लागतो आणि आपण थांबलो तरी तो फिरतच राहतो. त्यामुळे घेरी येते. त्यावर बॅलेतला उपाय असा: समोरच्या भिंतीवरचा एक बिंदू धरावयाचा, अंग वळू लागले तरी नजर तेथेच ठेवावयाची, आणि अगदी शेवटी मान झटकन फिरवून पुन्हा तोच बिंदू गाठावयाचा. बाई हे समजावून देत होत्या आणि माझ्या कानांत वाड्यातल्या माजघरातला आवाज उमटला: "माझ्या तोंडाकडे बघ गं, भिंतीकडे बघू नकोस!" फुगडीत जोडीदारणीचा चेहरा आपल्याबरोबर फिरतो, म्हणून नजरेपुरता तो स्थिर असतो, त्याच्याकडे पाहिले की भोवळ कमी येते. लुईच्या अकादमीचे आईला नावही ठाऊक नव्हते. तरी या विद्येचे मर्म तिने मला सातव्या वर्षी सांगून ठेवले होते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. झिम्मा, फुगडी, पिंगा, किकीचे पान, सूपनाच, एवढे सारे रात्रभर नाचणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या त्याला नाच का म्हणत नसत? त्या त्याला 'मंगळागौरीचे खेळ' म्हणत. आम्हां वडोदेकरांचे तर आणखीच नवल. नवरात्रात नऊ रात्री मराठी घरांतल्या लेकीसुना गरब्यात तल्लीन होऊन फिरत, त्याला देवीची सेवा म्हणत. आणि मी लहानपणी सुरसागराकाठच्या संगीत महाविद्यालयात पेटी शिकावयास जात असे, तेव्हा पलीकडच्या खोलीतून येणारा तट्टूकळीचा ठेका ऐकून दारात रेंगाळले, तर घरी आजी म्हणे, "गाणं शीक, पेटी शीक. नाचणं आपलं नव्हे."

ते आपले नव्हे असे म्हणावे, तर इतिहास वेगळेच सांगतो. व्यंकोजीराजांपासून तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) नृत्यासाठी चक्क मराठीत रचना केल्या. पुढे मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास करून त्या रंगमंचावर आणल्या. याच दरबाराच्या आश्रयाने चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार बंधूंनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाची चौकट घडविली. १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी, पहिल्या चिमणाबाईंशी, झाला, आणि तिच्याबरोबर तंजावरचे नर्तक-वादकांचे पथक वडोदऱ्यास आले. त्यांतल्या गौराबाई आणि कांतिमती यांचा नाच दरबारात होत असे. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजावरकर यांनी पुढे याच शहरात अनेक शिष्य तयार केले. ज्या ठेक्यापासून आजी मला दूर ओढीत होती, तो मराठ्यांच्याच एका राजकन्येच्या मेण्यामागून आमच्या गावात आलेला होता.

आजीचा दोष नव्हता. ज्या स्त्रिया ही विद्या जाणत होत्या, त्यांना समाजाने घराबाहेर ठेवले होते. घरातल्या मुलीने त्या वाटेला जाऊ नये ही तिची माया होती. आणि ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरातल्या नर्तिका बहुधा गरिबांच्या मुली असत आणि वर्गणीदार धनिकांना त्यांच्या दालनात मोकळा प्रवेश असे. देगा या कलावंताने १८८१ साली प्रदर्शनात ठेवलेली चौदा वर्षांच्या नर्तिकेची मूर्ती पुष्कळांनी पाहिली असेल. ती मुलगी एका धोबिणीची लेक होती. तेथल्याही सभ्य घरांतून "नाचणं आपलं नव्हे" हेच वाक्य फ्रेंच भाषेत उच्चारले जात असणार.

या दोन नाचांची एकमेकांवर नजर मात्र फार जुनी. १८३८ साली पुदुच्चेरीजवळच्या देवदासींचे एक पथक पॅरिसला आणि पाठोपाठ लंडनला गेले. फ्रेंच कवी गोतिए त्यांच्या नाचाने भारावला, आणि वीस वर्षांनी त्याने शकुंतलेवर बॅलेची संहिता लिहिली. १८७७ साली रशियात पेतिपाने मंदिरातल्या नर्तिकेची कथा 'ला बायादेर' या बॅलेत आणली. त्यात हिंदुस्थान नावापुरताच होता.

या देवघेवीतली मला सर्वांत जवळची वाटते ती रुक्मिणीदेवींची कथा. आना पावलोव्हा ही रशियन नर्तिका १९१२ पासून लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागात राहत असे. तिच्या घराच्या तळ्यात हंस असत. ती १९२२-२३ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात येऊन गेली आणि त्यानंतर उदयशंकरांना घेऊन तिने लंडनला राधाकृष्णाचे नृत्य बसविले. रुक्मिणीदेवी तिच्या नाचाने मोहून गेल्या आणि तिच्याच पथकातल्या क्लेओ नॉर्दी यांच्याकडे बॅले शिकू लागल्या, तेव्हा त्यांची पंचविशी आली होती. नर्तिकेच्या हिशेबाने हे वय उशिराचेच. आपल्या देशाची कला शोध, असे पावलोव्हाने त्यांना सुचविले. मग त्या तंजावरच्या त्या चार बंधूंच्या वंशातल्या मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या आणि १९३५ साली, एकतिसाव्या वर्षी, लोकांपुढे नाचल्या. पुढच्या वर्षी त्यांनी 'कलाक्षेत्र' स्थापन केले. त्यांच्यामुळे सभ्य घरांतल्या मुलींना नाचाचे दार उघडले. ज्या देवदासींनी ती विद्या जपली होती त्यांच्यासाठी मात्र ते दार बंद होत गेले, हेही विसरता येत नाही.

एका रविवारी मी गोल्डर्स ग्रीनच्या स्मशानगृहात जाऊन पावलोव्हाच्या अस्थी ठेवल्या आहेत तो कोनाडा पाहून आले. १९३१ साली ती वारली. तेथे उभी असताना माझ्या ध्यानात आले, की मी एका पायावर भार देऊन आणि दुसऱ्या पावलाची टाच त्याच्यापुढे जुळवून सहज उभी होते आणि माझा हात कशालाही टेकलेला नव्हता.

मला बॅले येते असे कोणी म्हणणार नाही. माझे पाय नव्वद अंशांपर्यंतही बाहेर वळत नाहीत. खुब्याच्या हाडाची घडण असेल तितकेच वळावयाचे, गुडघा पिळून अधिक दाखवावयाचे नाही, हा बाईंचा कडक नियम आहे. उडी घेते तेव्हा जमिनीला ते फारसे कळत नाही. तरीही तासाच्या शेवटी जेव्हा सर्वजण ओळीने उभे राहून 'रेव्हेरांस' करतो, म्हणजे गुडघा वाकवून गुरूला आणि पियानोवाल्याला नमस्कार करतो, तेव्हा आपण या विद्येच्या उंबरठ्यावर का होईना, उभे आहोत असे वाटते. शिक्षिकाबाई त्या वेळी दर मंगळवारी डोळे पुसतात. आम्ही कोणी त्यांच्याकडे पाहत नाही.

वाचक भगिनींपैकी कोणास हे करून पाहावेसे वाटले, तर त्यासाठी लंडन नको आणि बॅलेही नको. डॉक्टरांना विचारून, ओट्याच्या कडेवर हात नुसता टेकवावा आणि दूध तापेपर्यंत टाचा सावकाश उचलाव्या, सावकाश टेकाव्या. आठवड्याने एक बोट कमी करावे. मागच्या नवरात्रात मी वडोदऱ्यास गेले, तेव्हा अक्काला एवढेच दाखवून आले. ती आता चौसष्ट वर्षांची आहे. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "दोन बोटांवर आलेय. आणि हे बघ, कुणाला नाच म्हणून सांगू नकोस." मी म्हटले, "बरं. खेळ म्हणते."